मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पांची नावे व बोधचिन्हे

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पांची नावे व बोधचिन्हे : ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणासही पाहता, वापरता, बदलता व पुन्हा वाटता येते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. अशा सॉफ्टवेअरचे कर्ते संहितेवरील आपला अनन्य अधिकार परवान्याद्वारे बहुतांशी सोडून देतात. परंतु प्रकल्पाचे नाव व बोधचिन्ह यांवरील अधिकार सामान्यतः राखून ठेवतात. संहिता सर्वांची, पण तिचे नाव मात्र एकाचे, अशी ही स्थिती आहे. संहिता मुक्त झाल्यावर राखून ठेवण्याजोगी वस्तू म्हणून ओळखच उरते. त्यामुळे अनेकांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या कार्याच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या क्षेत्रात वारंवार उपस्थित झाला. बोधचिन्हांच्या वापराविषयीच्या नियमावल्या या प्रश्नाच्या उत्तरादाखल हळूहळू सिद्ध होत गेल्या.

स्वामित्वहक्क व व्यापारचिन्ह : हा इतिहास समजण्यासाठी दोन कायदेशीर अधिकारांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. स्वामित्वहक्क हा निर्मात्याचा अधिकार होय. तो कृती निर्माण होताच प्राप्त होतो व निर्मात्यास वाटल्यास तो आपली कृती सर्वांस खुली करू शकतो. व्यापारचिन्हाचा उद्देश वेगळा आहे. वस्तू कोणाकडून आली हे ग्राहकास निश्चितपणे कळावे व त्याची फसवणूक होऊ नये, यासाठी कायदा चिन्हास संरक्षण देतो. म्हणून चिन्हाच्या मालकावर देखरेखीची जबाबदारीही येते. गुणवत्तेवर कोणतेही नियंत्रण न ठेवता कोणालाही चिन्ह वापरू दिल्यास अमेरिकी कायद्यानुसार मालकाचा अधिकार लोप पावू शकतो. नको असलेल्या वस्तू विनामूल्य देण्याघेण्यासाठी २००३ मध्ये ॲरिझोना राज्यात सुरू झालेल्या फ्रीसायकल या स्वयंसेवी चळवळीवर असाच प्रसंग आला. स्थानिक गटांना नाव व चिन्ह वापरू देताना चळवळीने पुरेशी देखरेख केली नाही, असा निर्णय अमेरिकेच्या नवव्या मंडल अपील न्यायालयाने २०१० मध्ये दिला आणि चिन्हावरील तिचा अधिकार नाकारला. हा दावा सॉफ्टवेअरविषयी नव्हता. तथापि औदार्याने दिलेली सरसकट अनुज्ञा चिन्हाच्याच मुळावर कशी येते, हे त्यावरून स्वयंसेवी संघटनांस स्पष्ट झाले.

बोधचिन्ह हे चित्र म्हणून स्वामित्वहक्काच्या कक्षेत येते व ओळखीची खूण म्हणून व्यापारचिन्हाच्या कक्षेत येते. या दुहेरी स्वरूपाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुढील काळातील काही वाद अधिक चिघळले.

आरंभीचा काळ : संहिता व नाव यांची फारकत तशी जुनीच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीच्या परवान्यात, विद्यापीठाच्या नावाचा उपयोग साधित उत्पादनांच्या पुरस्कारासाठी लेखी अनुज्ञेविना करू नये, असे कलम होते. त्याच परवान्यातील दुसऱ्या एका कलमानुसार जाहिरातींत विद्यापीठाचा निर्देश करणे मात्र सक्तीचे होते. श्रेय द्यावे, पण पाठबळ भासवू नये, असा त्या दोन कलमांचा एकत्रित आशय होता. जाहिरातीविषयीचे कलम विद्यापीठाने १९९९ मध्ये रद्द केले. पुरस्कारासंबंधीचे कलम पुढेही टिकून राहिले. जानेवारी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अपाचे परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतही, या परवान्यामुळे व्यापारचिन्हे वापरण्याची अनुज्ञा मिळत नाही, असे स्वतंत्र कलम घालण्यात आले.

या काळातील चिन्हांचे स्वरूप मात्र खेळकर होते. बर्कली युनिक्सचा त्रिशूळधारी, पायात बूट घातलेला छोटा लाल ‘डीमन’ हा त्याचा ठळक नमुना होय. पार्श्वभूमीवर निमूटपणे काम करणाऱ्या कार्यक्रमांस युनिक्समध्ये डीमन म्हणतात; त्या शब्दावरील श्लेषातून हे चित्र सुचले. त्याचे सर्वपरिचित रूप चलच्चित्रकार जॉन लॅसेटर यांनी रेखाटले व त्याचा स्वामित्वहक्क मार्शल कर्क मक्युसिक यांच्याकडे राहिला. पुढे नेटबीएसडी प्रकल्पाने २००४ मध्ये ध्वजाच्या आकृतीचे व फ्रीबीएसडीने २००५ मध्ये स्पर्धेद्वारे शिंगे असलेल्या गोलाचे नवे बोधचिन्ह स्वीकारले. हौशी शुभंकराकडून आखीव बोधचिन्हाकडे झालेले हे संक्रमण सूचक आहे.

लिनक्स : लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सच्या इतिहासात चित्र व नाव यांना दोन भिन्न वाटा मिळाल्या. लिनक्सचा शुभंकर ‘टक्स’ हा पेंग्विन लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये गिम्प या मुक्त चित्रण-सॉफ्टवेअरच्या साहाय्याने काढला. मूळ चित्रकाराचा व गिम्पचा उल्लेख करावा एवढीच अट घालून त्यांनी तो वापरण्याची व बदलण्याची मुभा दिली. परिणामी टक्सची असंख्य रूपांतरे झाली आणि त्यावरून कोणताही मोठा वाद झाला नाही.

नावाचे तसे झाले नाही. लिनक्सशी काही संबंध नसलेल्या एका व्यक्तीने १९९४ मध्ये अमेरिकेत ‘लिनक्स’ या शब्दाच्या नोंदणीसाठी अर्ज केला व १९९५ मध्ये ती नोंदणी मान्य झाली. त्यानंतर लिनक्सच्या वितरकांकडे स्वामित्वशुल्काची मागणी सुरू झाली. वितरकांनी एकत्र येऊन नोंदणीस आव्हान दिले आणि १९९७ मध्ये तडजोड होऊन हे चिन्ह टॉरव्हाल्ड्स यांच्या नावे करण्यात आले. त्याच्या व्यवस्थेसाठी लिनक्स मार्क इन्स्टिट्यूट ही संस्था काम पाहते. प्रारंभी ती उपपरवान्यासाठी शुल्क आकारी, पुढे हा उपपरवाना विनाशुल्क करण्यात आला. नाव सर्वांचे म्हणून मोकळे सोडल्यास ते सर्वांचे राहतेच असे नाही, जो प्रथम नोंदणी करील त्याचे ते होण्याचा संभव असतो, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

‘ओपन सोर्स’ ही संज्ञादेखील या प्रश्नातून सुटली नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी ती सुचविली व त्याच महिन्यात ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली. ही संज्ञा व्यापारचिन्ह म्हणून राखण्याचा विचार १९९९ मध्ये सोडून द्यावा लागला. कारण ती एका कर्त्याची ओळख पटविण्याऐवजी वस्तूचे केवळ वर्णन करते. संस्थेने मग आपल्या मान्यतेचे निराळे चिन्ह प्रचारात आणले.

डेबियन व फायरफॉक्स : या विषयातील सर्वांत बोधप्रद वाद डेबियन व मोझिला या दोन प्रकल्पांत झाला. डेबियन हा स्वयंसेवकांनी चालविलेला वितरण-संच १९९३ मध्ये सुरू झाला. कोणते सॉफ्टवेअर मुक्त मानावे याची तत्त्वे त्याने १९९७ मध्ये निश्चित केली. बदललेल्या आवृत्तीस वेगळे नाव द्यावे अशी अट परवान्यात असू शकते, असे त्यांपैकी चौथे तत्त्व सांगते. म्हणजे नाव राखण्याचा मूळ कर्त्याचा अधिकार डेबियनला प्रथमपासून मान्य होता. केवळ डेबियनपुरती दिलेली सवलत मात्र त्याच तत्त्वांनुसार स्वीकारता येत नव्हती. डेबियनला मिळणारे स्वातंत्र्य त्याच्यापासून पुढे सॉफ्टवेअर घेणाऱ्यालाही मिळाले पाहिजे, असा त्यामागील विचार होता.

मोझिलाला नावाचे मोल अनुभवाने कळले होते. २००२ मध्ये ‘फीनिक्स’ नावाने निघालेल्या तिच्या ब्राउझरला त्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क असल्याने २००३ मध्ये ‘फायरबर्ड’ हे नाव घ्यावे लागले. तेही नाव एका मुक्त विदासंचय प्रकल्पाचे असल्याने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’ हे तिसरे नाव ठरले. या ब्राउझरची संहिता मुक्त परवान्याखाली होती, परंतु पृथ्वीगोलास वेढणाऱ्या प्राण्याचे बोधचिन्ह त्या परवान्याच्या बाहेर ठेवलेले होते. त्यामुळे डेबियनने बोधचिन्ह वगळून केवळ नाव वापरले. २००६ मध्ये मोझिलाने त्यास हरकत घेतली. नाव वापरायचे असल्यास बोधचिन्हही वापरले पाहिजे व संहितेत केलेल्या दुरुस्त्यांस संमती घेतली पाहिजे, अशी तिची भूमिका होती. डेबियन आपल्या स्थिर आवृत्तीतील जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः करीत असे. प्रत्येक दुरुस्तीस बाहेरची संमती घेणे त्यास अव्यवहार्य वाटले.

अखेर डेबियनने नावच बदलले. एप्रिल २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत हा ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने आला. ‘फायर’ म्हणजे अग्नी याच्या जागी ‘आइस’ म्हणजे बर्फ व ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा याच्या जागी मुंगसासारखा दिसणारा ‘वीझल’ हा प्राणी, अशी ही थट्टेची योजना होती. थंडरबर्ड हे टपालाचे सॉफ्टवेअर त्याचप्रमाणे ‘आइसडव्ह’ झाले. वाद तात्त्विक असला, तरी त्याची झळ सामान्य वापरकर्त्यास लागली. ओळखीचा ब्राउझर अनोळखी नावाखाली शोधण्याची पाळी त्याच्यावर आली. सुमारे एक दशकानंतर बोधचिन्हाच्या स्वामित्वहक्काची अडचण दूर झाली व डेबियनच्या दुरुस्त्यांमुळे गुणवत्तेस बाध येत नाही हे मोझिलाने मान्य केले. २०१६ मध्ये फायरफॉक्स व २०१७ मध्ये थंडरबर्ड ही नावे डेबियनमध्ये परत आली.

मोझिलाची सावधगिरी निराधार नव्हती, हे नमूद केले पाहिजे. गॅमा इंटरनॅशनल या कंपनीचे पाळत ठेवण्याचे सॉफ्टवेअर फायरफॉक्सचा वेश घेऊन लोकांच्या संगणकांत शिरत असल्याचे आढळल्यावर मोझिलाने एप्रिल २०१३ मध्ये तिला कायदेशीर सूचना पाठविली. फायरफॉक्सची संहिता बदलण्यास कोणासही मज्जाव नव्हता. म्हणून येथे व्यापारचिन्हाचा अधिकार हेच मोझिलाच्या हाती असलेले प्रमुख साधन ठरले.

डेबियननेही स्वतःच्या चिन्हांबाबत हा प्रश्न सोडविला. १९९९ मध्ये त्याने दोन बोधचिन्हे स्वीकारली होती. केवळ भोवऱ्याची आकृती असलेले चिन्ह डेबियनचा उल्लेख करणाऱ्या कोणासही वापरता येई. बाटलीतून निघणारा भोवरा असलेले चिन्ह अधिकृत कामासाठी राखीव होते. २०१२ मध्ये खुले बोधचिन्ह चित्र म्हणून मुक्त परवान्याखाली आणण्यात आले व जानेवारी २०१३ मध्ये व्यापारचिन्हविषयक धोरण प्रसिद्ध करण्यात आले. चित्राची प्रत काढण्याचे व ते बदलण्याचे स्वातंत्र्य द्यावे, परंतु त्याद्वारे फसवणूक करण्याचे देऊ नये, हा विवेक त्यातून प्रत्यक्षात आला.

ओळख वेगळी काढण्याची पद्धती : रेड हॅट या कंपनीच्या परिचालन प्रणालीची संहिता घेऊन तीच प्रणाली विनामूल्य देणारा सेंटॉस प्रकल्प २००४ मध्ये निघाला. कंपनीच्या वकिलांनी २००५ मध्ये नावाच्या वापरास हरकत घेताच प्रकल्पाने मूळ कंपनीचा निर्देश ‘उत्तर अमेरिकेतील एक प्रमुख एंटरप्राइज लिनक्स विक्रेता’ अशा आडवळणाने सुरू केला. अशा साधित प्रणाली तयार करताना सर्व नावे, चित्रे व रंगयोजना काढून टाकाव्या लागतात. हे काम सुकर व्हावे म्हणून बोधचिन्हे एका स्वतंत्र पॅकेजमध्ये एकत्र ठेवण्याची पद्धत पडली. फेडोरा या प्रकल्पात तर राखीव चिन्हांच्या पॅकेजला पर्याय म्हणून कोणतीही ओळख नसलेल्या सामान्य चिन्हांचे पॅकेजही उपलब्ध असते. चिन्ह राखायचे असेल तर ते सहज काढून ठेवता येईल अशी सोय मालकानेच करावी, हे सौजन्य त्यात आहे.

सेंटॉसची पुढील हकीकतही उल्लेखनीय आहे. २०१४ मध्ये हा प्रकल्प व त्याचे नाव रेड हॅटच्या छत्राखाली गेले. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने त्याचे पूर्वीचे स्वरूप बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. संहिता हाती असल्यामुळे त्याच धर्तीच्या प्रणाली २०२१ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या. पण त्यांना अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स अशी नवी नावे घ्यावी लागली.

नाव एकाकडे, कर्ते दुसरीकडे : असेच अन्यत्रही घडले. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेल्यावर ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या अनेक कर्त्यांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी द डॉक्युमेंट फाउंडेशन या प्रतिष्ठानाची घोषणा केली. मूळ नाव देण्याची त्यांची विनंती ओरॅकलने मान्य केली नाही. त्यामुळे ‘लिबरऑफिस’ हे नाव रूढ झाले. मूळ नाव २०११ मध्ये अपाचे प्रतिष्ठानाकडे गेले. विकासाचा मुख्य ओघ लिबरऑफिसकडे वळला, तरी जुन्या नावाची लोकांतील ओळख पुसली गेली नाही. ‘हडसन’ या सॉफ्टवेअरच्या नावावर ओरॅकलने हक्क सांगितला, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये त्याच्या समाजाने १४ विरुद्ध २१४ मतांनी ‘जेन्किन्स’ हे नाव स्वीकारले. येथे मात्र नवे नाव लवकर रुजले. समाज एकजुटीने बाहेर पडल्यास नावाविनाही तो टिकतो, परंतु लौकिक पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागतो, असे या उदाहरणांवरून दिसते.

मुक्त संहितेवर मोठ्या कंपन्या सेवा विकू लागल्यावर या प्रश्नास आर्थिक धार आली. इलॅस्टिक या कंपनीने ‘इलॅस्टिकसर्च’ हे नाव सेवेस वापरल्याबद्दल ॲमेझॉनवर २०१९ मध्ये दावा केला. ॲमेझॉनने २०२१ मध्ये त्या संहितेची ‘ओपनसर्च’ नावाची स्वतंत्र शाखा काढली व २०२२ मध्ये वाद मिटला. वर्डप्रेस या प्रणालीचे चिन्ह २०१० मध्ये एका प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आले. परंतु व्यापारी वापराचा अनन्य परवाना मूळ कंपनीकडेच राहिला. २०२४ मध्ये या चिन्हाच्या वापरावरून ऑटोमॅटिक व डब्ल्यूपी इंजिन या कंपन्यांत उद्भवलेला वाद न्यायालयात गेला. चिन्हाचा नामधारी विश्वस्त व त्याचा प्रत्यक्ष लाभार्थी एकमेकांस फार निकट असल्यास विश्वासाचा प्रश्न उरतोच, हे त्यातून दिसून आले.

नियमावल्यांचे स्वरूप : प्रकल्पागणिक तपशील बदलत असला, तरी बहुतेक नियमावल्यांत पुढील गोष्टी आढळतात. सॉफ्टवेअरचा निर्देश करण्यासाठी, त्यावर लेख वा ग्रंथ लिहिण्यासाठी नाव वापरण्यास अनुज्ञा लागत नाही. मूळ स्वरूपात केलेल्या वाटपास नावाची मुभा असते. बदललेल्या आवृत्तीस वेगळे नाव घ्यावे लागते, मात्र ती अमुक प्रकल्पावर आधारित आहे असे म्हणता येते. कंपनीच्या वा संकेतस्थळाच्या नावात प्रकल्पाचे नाव घालणे, अधिकृत संबंध सूचित करणे व विक्रीच्या वस्तूंवर चिन्ह छापणे यांसाठी पूर्वसंमती आवश्यक असते. चिन्हाचे प्रमाण, रंग व भोवती सोडावयाची मोकळी जागा यांविषयीही सूचना असतात. रंगाचे व आकाराचे नियम वरकरणी क्षुल्लक वाटले, तरी चिन्ह सर्वत्र एकाच रूपात दिसले तरच ते ओळखीची खूण म्हणून टिकते.

भारतातील उदाहरण म्हणून ‘बॉस’ म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स या प्रणालीचा निर्देश करता येईल. पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजेच सी-डॅकने ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असलेली ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. परंतु तिचे नाव व चिन्ह स्वतंत्र आहे. संहिता घ्यावी, ऋण मान्य करावे व ओळख स्वतःची ठेवावी, ही मुक्तस्रोत परंपरेतील रूढ रीत तीत पाळलेली दिसते.

मूल्यमापन : नियमावली फार सैल असली तर चिन्ह निरर्थक होते, ती फार कडक असली तर ज्या समाजाने नावास लौकिक मिळवून दिला तोच दुरावतो. रस्ट या संगणकभाषेच्या प्रतिष्ठानाने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धोरणाच्या मसुद्यावर वापरकर्त्यांनी कठोर टीका केली व प्रतिष्ठानास तो पुन्हा लिहावा लागला. नावाविषयीचे दायित्व कधी प्रकल्पाबाहेरच्या समाजापर्यंतही पोहोचते. अपाचे हे नाव व पिसाचे चिन्ह यांस अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या एका संघटनेने २०२३ मध्ये आक्षेप घेतला. २०२५ मध्ये त्या प्रतिष्ठानाने पिसाऐवजी ओक वृक्षाच्या पानाचे चिन्ह स्वीकारले.

चार दशकांच्या या इतिहासातून काही व्यवहार्य तत्त्वे निष्पन्न झाली आहेत. नावाची नोंदणी वेळीच करावी. तिची मालकी एका व्यापारी कंपनीकडे न ठेवता सर्वांस उत्तरदायी असलेल्या संस्थेकडे द्यावी. बोधचिन्हाच्या चित्राविषयीचा व खुणेविषयीचा अधिकार वेगवेगळा हाताळावा. आणि नियम ज्यांच्यावर बंधनकारक व्हावयाचे त्यांच्या विचाराने करावे. मुक्त संहितेची प्रत काढल्याने मूळ मालकाचे काही उणे होत नाही. विश्वासाची गोष्ट निराळी आहे. एकाच नावाखाली प्रामाणिक व फसवी अशी दोन्ही कामे होऊ लागली, तर हानी सर्वांचीच होते. या कारणास्तव संहितेचे स्वातंत्र्य व नावावरील निर्बंध ही परस्परविरोधी तत्त्वे न ठरता, दोहोंचा योग्य मेळ घालणे हे प्रत्येक प्रकल्पाचे कर्तव्य ठरते.